खुराक, मिलो आणि पंचावन्न मिनिटं

आमच्या घराण्यात तब्येतीवरून जेवढे वाद झाले, तेवढे जमिनीवरूनही झाले नसतील. आणि जमीन पंचगंगेकाठची, उसाची होती. भाऊबंदकीचा निकाल कधी ना कधी लागतो. सकाळी उपाशीपोटी काय घ्यावं, याचा निकाल मात्र आमच्यात तीन पिढ्या लागलेला नाही.

माझं माहेर कोल्हापूरच्या जुन्या पेठेतलं. आबा, म्हणजे वडिलांचे वडील, तालमीतले. मोठं नाव झालेले पैलवान नव्हेत, जत्रेच्या फडात कुस्त्या धरणारे, जिंकले तर फेटा आणि थोडे रुपये घरी आणणारे. पण ज्या गावात राजर्षी शाहूंनी युरोपात रोमचं जुनं मैदान बघून आल्यावर १९१२ मध्ये कुस्तीसाठी खासबाग मैदान उभं केलं, त्या गावात आरोग्य म्हणजे काय हे वेगळं विचारावं लागत नाही. आरोग्य म्हणजे ताकद. ताकद म्हणजे खुराक.

रात्री भिजत घातलेले बदाम पहाटे सोलायचं काम आम्हा पोरींचं. साल सुटलेला बदाम बोटांतून सटकून अंगणात उडाला, तर आबा ओरडायचे नाहीत, उचलून, धुऊन स्वतःच्या तोंडात टाकायचे. मग कुंडीत बदाम, खसखस, मगज बी, बडीशेप, दोन-चार मिरे पडायचे आणि सोटा फिरायला लागायचा. सोटा कडुलिंबाचा, खालच्या टोकाला झिजून गोटीसारखा गुळगुळीत झालेला. वाटणाच्या कडेला तेल दिसेपर्यंत हात थांबवायचा नाही. ते फडक्यातून गाळून दुधात मिसळलं की झाली थंडाई. फडक्यात उरलेला चोथा आम्ही साखर लावून खायचो. माझ्या मते खरा खुराक तोच होता.

संध्याकाळी गंगावेशेत, दूध कट्ट्यावर. बाहेरगावच्या माणसाला सांगितलं तर खरं वाटत नाही, पण तिथे म्हशी भर चौकात उभ्या असतात आणि गवळी समोर धार काढून फेसाळ ग्लास हातात देतो. कोमट, जाड, किंचित गवताच्या वासाचं दूध. न उकळलेल्या दुधातून क्षय येऊ शकतो, ब्रुसेलोसिस, म्हणजे जनावरांकडून येणारा ताप, येऊ शकतो, हे डॉक्टर सांगतात ते खरंच आहे, आणि मी माझ्या लेकीला ते कधी पाजलं नाही. आमच्या कॉलनीतल्या डॉक्टरांनी आबांना एकदा हेच समजावलं. आबा म्हणाले, “म्हस माझ्या डोळ्यांम्होरं उभी हाय. तुमची पिशवी कुणाच्या डोळ्यांम्होरं भरली?” डॉक्टर हसले आणि विषय पावसावर नेला.

कुस्ती सुटली तरी आबांचा खुराक सुटला नाही. लाल मातीतल्या बहुतेक माणसांची हीच गोष्ट आहे. पहाटेचे जोर-बैठका थांबतात, ताटातलं तूप थांबत नाही. मग गुडघे बोलायला लागतात, पुढे रक्तातली साखर. गंमत म्हणजे ज्या आयुर्वेदाचे दाखले आबा उठता-बसता द्यायचे, त्यातल्या अष्टांगहृदयात वाग्भटानं व्यायाम अर्ध्या शक्तीनंच करावा असं सांगितलंय. तेसुद्धा कुणी, तर ज्याच्या अंगात बळ आहे आणि आहार स्निग्ध आहे त्यानं, आणि थंडीत नि वसंतात. बाकीच्या दिवसांत त्याहून बेतानं. म्हणजे नियम सांगायच्या आधी तू कोण, काय खातोस, बाहेर ऋतू कोणता, एवढं सगळं विचारून घेतलंय. आबांनी यातलं स्निग्ध तेवढं उचललं.

आईचं माहेर माण तालुक्यातलं. तिथली आजी तब्येतीचा विषय अगदी दुसऱ्या टोकानं धरायची. घरात पाऊल टाकलं की आधी दंडाला चिमटा. बाजारात बैल पारखावा तसं ती दंडाचं मांस पारखायची आणि निकाल द्यायची, “लई वाळलीस गं. घालत्यात का न्हाई खायाला?” आई एव्हाना चांगली गोल झालेली असायची, तरी वाळलेलीच. आजीच्या डोक्यात आजार एकच होता, भूक. ताप, खोकला, पाठदुखी, परीक्षेची भीती, सगळ्यांवर औषध भाकरी. ती गेल्यावर फडताळात फडक्यात बांधलेले वाळक्या भाकरीचे तुकडे सापडले. घरात तेव्हा धान्य ठेवायला जागा नव्हती एवढं धान्य होतं.

१९७२ चा दुष्काळ तिनं भर उमेदीत काढला होता. रेशनवर अमेरिकेतून आलेला मिलो मिळायचा, लालसर ज्वारी. त्याच्या भाकरीला ना चव, ना ती धड थापता यायची. कामावर सुकडी मिळायची. खडी फोडायची, पाटी उचलायची, आणि संध्याकाळी मिलोची भाकरी. माझी धाकटी मावशी त्याच सुमारास आजीच्या पोटात होती. सातवा महिना असताना आजी नालाबांधाच्या कामावर होती, हे ती सांगायची तेव्हा आवाजात तक्रार नसायची. हजेरी मांडल्यासारखं सांगायची.

तेव्हा खा म्हणणारे दोघंही, आबा आणि आजी. पण दोघांचं खाणं एक नव्हतं. आबा जिंकायसाठी खायचे. आजी उद्या मिळेल न मिळेल म्हणून खाऊ घालायची. लग्नाकार्यात दोघं एका मांडवात आले की आबा ‘सोसंल तेवढंच खावं’ म्हणायचे (हे पैलवान म्हणतोय!) आणि आजी पदराआडून ‘सोसंल’ या शब्दावर तोंड वाकडं करायची.

आता ही मावशी. माझ्याहून तीनच वर्षांनी मोठी, त्यामुळे मावशी कमी आणि मैत्रीण जास्त. काकांना, म्हणजे तिच्या यजमानांना, चाळिशीच्या आतच मधुमेह निघाला. तेव्हा सल्ला होता थोडं थोडं पण सारखं खा, पोट रिकामं ठेवू नका. मावशीनं तो सल्ला देवाचं करावं तसा पाळला. अकराला मारी बिस्किटं, चारला खाकरा, झोपताना दूध. घड्याळाचा गजर लावून खायला द्यायची. तरी साखर वाढत राहिली, इन्सुलिनची सुई आली, मग मूत्रपिंडं, मग आठवड्यातून डायलिसिसच्या फेऱ्या. काका पन्नाशीतच गेले.

त्यानंतर काही काळानं, २०१८ च्या सुमारास, डॉ. जगन्नाथ दीक्षितांची व्याख्यानं महाराष्ट्रभर सभागृहं भरून व्हायला लागली. मूळ विचार नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांचा, ते २००४ मध्ये अपघातात गेले, त्यांचं सूत्र दीक्षितांनी पुढं नेलं. दिवसातून दोनदाच जेवा, कडकडून भूक लागेल तेव्हा. जेवण पंचावन्न मिनिटांच्या आत संपवा. मध्ये पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा कोरा चहा. आणि पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. खाल्लं की इन्सुलिन सुटतं, सारखं खाल्लं की सारखं सुटतं, असा त्यामागचा हिशोब. मावशी ते व्याख्यान ऐकून आली आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्या घरात संध्याकाळचा चहा बंद. पाहुण्यालासुद्धा ताक.

नेमक्या त्याच दिवसांत माझी पुण्याची वहिनी आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांची भक्त झालेली. तिकडे सगळं उलटं. दर दोन-तीन तासांनी काहीतरी खा, तुपाला घाबरू नका, भात सोडू नका, केळं खा, आजीच्या स्वयंपाकघरात जे शिजायचं तेच खा. घरच्या ग्रुपवर मग जे सुरू झालं त्याला मी कुरुक्षेत्र म्हणणार नाही, कारण तिथे अठरा दिवसांत संपलं होतं. मावशी साखरेचे रिपोर्ट टाकायची. वहिनी तुपाच्या धारेचा फोटो टाकायची. एका दिवाळीत मावशीनं फराळाचं ताट घेतलं, समोर मोबाईल ठेवला, पंचावन्न मिनिटांचा टायमर लावला आणि चकली, करंजी, अनारसा क्रमानं संपवला. वहिनी म्हणाली, “मावशी, हे तर शर्यतीसारखं झालं.” मावशीचं उत्तर तयार होतं, “तुझं तर दिवसभर रवंथ चाललेलं असतं.”

या भांडणात एक गोष्ट कुणी फॉरवर्ड केली नाही. दोघींच्या ताटांतून पुडीतलं फरसाण, बिस्किटं, बाटलीतला रस, मैद्याचा पाव, हे सगळं एकदमच गेलं होतं. दोघी चालायला लागल्या होत्या. दोघी रात्री लवकर झोपत होत्या. फरक उरला होता तो घड्याळाचा आणि झेंड्याचा.

पण झेंडा हलका नव्हता. एका रात्री मावशी माझ्याकडे मुक्कामाला होती. इन्सुलिनचं शास्त्र मला तिसऱ्यांदा समजावून झाल्यावर मध्येच थांबली. म्हणाली, “त्यांना मी गजर लावून खायला घालत होते.” पुढं काही बोलली नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ही पंचावन्न मिनिटं जेवणाची नाहीतच. अकराच्या त्या गजराला तिनं दिलेलं ते उत्तर आहे. तो गजर आता तिच्या घरात पुन्हा कधी वाजणार नाही. चूक तिची नव्हती. सांगितलं तसं केलं होतं तिनं, आणि बिस्किटांऐवजी दुसरं काही दिलं असतं तर काका वाचले असते असंही कुणी म्हणू शकत नाही. तरी एखाद्या बाईला असं म्हणावंसं वाटेलच.

वहिनीचंही तेच, उलट्या अंगानं. ती कॉलेजला हॉस्टेलवर असताना मुली बारीक होण्यापायी काय काय करायच्या ते ती सांगते. भात बंद, केळं बंद, तूप तर विषच. रात्री काकडी. वहिनीचे केस मूठ-मूठ गळायचे, पाळी महिनोन् महिने यायची नाही, आणि आरशासमोर उभी राहिली की तरी जाडच दिसायची. ज्या माणसाला बारा-पंधरा वर्षं स्वतःच्या भुकेचं भय वाटलंय, त्याला कुणी म्हणालं, ‘वरण-भात खा, वर तूप घे, काही पाप नाही,’ तर त्याला ते आहारशास्त्र वाटत नाही. सुटका वाटते. एकीची सुटका न खाण्यात झाली, दुसरीची खाण्यात. आणि दोघी एकमेकींना तीच सुटका आग्रहानं वाढायला निघाल्या, पंगतीत जिलबी वाढावी तशी, नको म्हटलं तरी.

तब्येतीबद्दलची आपली मतं आपण शास्त्राच्या भाषेत मांडतो, पण ती बनलेली असतात घरातल्या आजारपणांतून, मयतांतून, आणि कधी काळी बसलेल्या धास्तीतून. म्हणून मला अशा वादात आधी विचारावंसं वाटतं, तुमच्या घरी कोण गेलं? कशानं? बाकीचं मग आपोआप कळतं. रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसणारे एक काका नेहमी सांगतात की त्यांचे वडील बिड्या ओढून, मटणाचा रस्सा ओरपून नव्वदीपार गेले, तेव्हा हे सगळं थोतांड. खरंय. फक्त जे असंच जगून बावन्नाव्या वर्षी गेले, ते कट्ट्यावर येऊन बाजू मांडू शकत नाहीत.

आणखी एक, जाता जाता. ज्या पुरुषांनी ‘डाएट’ धरलं त्यांच्या बायकांनी दोन स्वयंपाक धरले. माझ्या नात्यातल्या एका गृहस्थांना कडकडून भूक नेमकी तेव्हा लागायची जेव्हा बायको दवाखान्यातून, मुलांच्या शाळेतून नुकती घरी टेकलेली असायची. पंचावन्न मिनिटं त्यांची, तीन तास तिचे. बायका स्वतः काय खातात हे तर विचारूच नये. उरलेलं. आणि एकादशीला साबुदाणा, तळलेली बटाट्याची कापं, शेंगदाण्याचे लाडू. एकादशी दुप्पट खाशी हे आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत.

आजी आणि मावशी, मिलो आणि मधुमेह, या दोन टोकांना जोडणारा धागा मला पुढे पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या कामात सापडला. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक फोटो छापला होता. दोन डॉक्टर शेजारी शेजारी उभे, याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. उंची-वजनाचं गणित, म्हणजे बीएमआय, दोघांचं अगदी सारखं, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून लठ्ठ. त्यांच्या चमूनं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायकांचा आणि मग त्यांच्या मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. आपलं बाळ आठशे ग्रॅमनं हलकं. पण हे आठशे ग्रॅम गेले कुठून, तर मांसातून, पोटातल्या अवयवांतून. चरबी बाळानं राखून ठेवलेली. उपाशी आईच्या पोटात वाढणारा जीव पुढच्या उपासमारीची तरतूद करूनच बाहेर येतो, आणि पुढे चार घास जास्त मिळायला लागले की तीच तरतूद अंगाशी येते.

हे वाचलं तेव्हा मी मावशीला फोन केला. नालाबांध, सातवा महिना, मिलो, आणि तिचे स्वतःचे काठावर आलेले रिपोर्ट. एका माणसाच्या बाबतीत असं काही छातीठोक सांगता येत नाही, हे मी तिला सांगितलं. ती जरा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, “म्हणजे आई उगाच चिमटा काढत नव्हती.” मला उत्तर सुचलं नाही. आजी मांस शोधत होती. नेमकं जे कमी होतं तेच.

२०२३ मध्ये आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, देशव्यापी पाहणीचे आकडे आले, १०.१ कोटी मधुमेही आणि आणखी १३.६ कोटी उंबरठ्यावर. त्या १३.६ कोटींत मीही आले. गेल्या वर्षी तीन महिन्यांच्या सरासरीची चाचणी ६.१ निघाली. बातमी ग्रुपवर पोचायला दुपार लागली नाही. मावशीनं पंचावन्न मिनिटांची पीडीएफ पाठवली. वहिनीनं नाचणीच्या आंबिलीची कृती पाठवली. हिंजवडीतला चुलतभाऊ दंडावर साखर मोजायचा सेन्सर चिकटवून फिरतो. त्यानं आलेख पाठवले. त्याला पोह्यांनी साखर चढते, त्याच्या बायकोला पोह्यांनी काही होत नाही, तिला इडलीनं चढते. एका टेबलावर, एकाच कढईतलं. त्याला वाटलं यंत्र बिघडलं. यंत्र ठीक होतं. इस्रायलच्या वाइझमन संस्थेत २०१५ मध्ये आठशे लोकांवर हेच दिसलं होतं, तोच पदार्थ, पण रक्तातली साखर ज्याची त्याची. भाऊ आता म्हणतो, प्रत्येकानं सेन्सर लावावा. पाहा, झाला आणखी एक पंथ.

मी काय करते? डॉक्टरांच्या गोळीला अजून वेळ आहे असं डॉक्टरच म्हणाले. रात्रीचं जेवण साडेसातला आणलं, आणि नवरा ऑफिसातून उशिरा आला तर त्याचं तो वाढून घेतो. हा बदल साखरेपेक्षा अवघड गेला, मला नव्हे, त्याला. भात निम्मा केला, उसळ दुप्पट. रंकाळ्याला एक फेरी मारते. रोज जमत नाही. बी-१२ जीवनसत्त्व तपासून घेतलं, कारण आमच्याकडे मटण रविवारी शिजतं पण माझ्या वाट्याला बहुतेक रस्साच येतो, आणि ते कमीच निघालं. भाकरीवर तूप घेते, आबांच्या निम्मं. दोन जेवणांच्या मध्ये खात नाही. मावशीला सांगितलंय की तिचं ऐकते, वहिनीला सांगितलंय की तिचं. दोघी खूश आहेत. पुढची चाचणी श्रावणानंतर.

घरात आता चौथी पिढी वादात उतरली आहे. लेक एकवीस वर्षांची, जिमला जाते, पहाटे शेकरमध्ये व्हे पावडर घालून खळाखळा हलवते. व्हे म्हणजे दूध फाटल्यावर उरणारं पाणी, आबा ते म्हशींच्या आंबोणात ओतायचे, हे मी तिला सांगितलं. तिनं डब्यावरची किंमत दाखवली. मग म्हणाली, “आई, तुझ्या अख्ख्या दिवसात प्रोटीन किती होतं सांग. हाताच्या बोटांवर मोजशील.” रविवारी ती स्वयंपाकघरात वजनकाटा घेऊन आली, शिजलेल्या मटणाच्या फोडी काट्यावर ठेवल्या, आकडा मोबाईलमध्ये टाकला, आणि त्यातल्या तीन फोडी उचलून माझ्या ताटात वाढल्या.

“रस्सा?” मी विचारलं.

“रस्सा बाबांना. त्यात नुसतं तेल असतं.”

पलीकडून नवरा म्हणाला, “दे इकडं, दोन्ही दे. तांबडापण आणि पांढरापण.”